चमचाभर दही

कॉन्सुलेटच्या यंत्रात फुंकायची पाळी जवळ येऊ लागली तशी हेमांगीची चुळबुळ वाढली. एजंट बोंद्र्यांनी बजावलं होतं, "कागदपत्रांचं मी बघतो. तुम्ही फक्त जंतू मारायच्या गोळ्या चुकवू नका, आणि घरच्या दह्याचा थेंबही पोटात जाऊ देऊ नका. त्या देशाला आपल्या पोटातले जंतू चालत नाहीत. यंत्राला श्वासात सापडले, की व्हिसा गेलाच!"

महिनाभर तिने पथ्य पाळलं. आणि आज निघताना आईने सवयीने तळहातावर दही-साखर ठेवली, हिनेही सवयीने चाटून टाकली! परदेशातली नर्सची नोकरी चमचाभर दह्यापायी जाणार होती.

तिने डोळे मिटून नळीत फुंकलं. हिरवा दिवा लागला.

"अहो, पण मी सकाळी दही खाल्लंय!" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

खिडकीमागची बाई हसली. "दिसतंय ना यंत्रात. पण त्यातले जंतू मेलेत. गोळ्या छान लागू पडल्यात तुम्हाला. घरचं आता कधीच तग धरायचं नाही तुमच्या पोटात."

बाहेर येते तोच आईचा फोन. "झालं ना काम? होणारच! दही-साखर घेऊन गेली होतीस. ये लवकर. सुटलं बाई एकदाचं तुझं पथ्य, दहीभात कालवून ठेवलाय."