अर्धा मैल

ल्युएलाने बोट दाखवलं ते मुद्दाम चुकीच्या जागी.

"इथे," ती म्हणाली. "आमच्यातलं एक माणूस आहे इथे."

गुडघ्याएवढा दगडांचा ढीग होता. कॅरिनने लगेच डोक्यावरची टोपी काढली. रेल्वेच्या अहवालासाठी जुन्या जागा नोंदवत ती सहा महिने नेवाडाच्या उन्हात फिरत होती. नाकाची सालं निघाली होती. देशभरच्या अणुभट्ट्यांतला कचरा पोलादी पिंपांत भरून याच खोऱ्यातून न्यायचा आणि पश्चिमेच्या डोंगराच्या पोटात पुरायचा, असा बेत होता. अहवाल आज संध्याकाळी बंद होणार होता.

"कोण आहे ते विचारत नाही," कॅरिन हळू आवाजात म्हणाली. "गेलेल्याचं नाव तुमच्यात घेत नाहीत, माहीत आहे मला."

पोरगी मनाने चांगली होती. तेच ल्युएलाला टोचलं.

कॅरिन नकाशा आणायला जीपकडे गेली, तसा डेल्बर्ट कानाशी लागला. तो ल्युएलाचा मामेभाऊ. त्यांच्या पायूट या आदिवासी जमातीच्या वस्तीत कुणी गेलं की त्याला पुढची वाट दाखवणारी गाणी म्हणायला डेल्बर्टलाच बोलावत.

"ताई, मेंढपाळाचा कुत्रा पुरलाय इथे. खड्डा मीच खणला होता."

"माहीत आहे."

"आणि ती मला म्हणते, निघताना इथे एक गाणं म्हणा. आता कुत्र्याला वाट दाखवू?"

"दाखव की. इतका गप्प बसून ऐकणारा तुला दुसरा कोण मिळणार?"

डेल्बर्ट हसला. हसता हसता त्याची नजर उत्तरेला गेली आणि हसू विरलं. तिकडे, अर्ध्या मैलावर, जुनिपरचं एकुलतं झाड होतं. त्याखाली ल्युएलाची आई होती. दगड नाही, खूण नाही. या दोघांखेरीज आता ते कुणाला ठाऊकही नव्हतं. बाईचं आयुष्य रुळांशेजारच्या खोलीत गेलं. शेवटी तिने एकच मागितलं होतं: जिथे गाडी ऐकू येणार नाही, तिथे ठेव.

ल्युएलाच्या मावशीला पुरलेली जागा तिच्या वडिलांनी एकदा रस्ता बांधणाऱ्यांना खरीखुरी दाखवली होती. त्यांनी मावशीला अदबीने खणून काढलं. ती अजून कुठल्याशा विद्यापीठाच्या तळघरात आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यावर आकडा आहे. या खोऱ्यात आमचं कुणी नाही म्हणावं, तर रेल्वेवाल्यांनी सगळी जमीन चाळून बघितली असती. म्हणून ल्युएलाने त्यांना कुत्रा दिला होता.

उत्तरेचा वारा सुटला होता. कॅरिनने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. रेल्वेची लाल रेघ खोऱ्याच्या बरोबर मधून जात होती. दगडांचा ढीग तिच्या दक्षिणेला, झाड उत्तरेला, आणि रेघ दोन्हींना चुकवून. ल्युएलाने रोखलेला श्वास सोडला.

"दहा हजार वर्षं ती पिंपं डोंगरात सुखरूप राहतील म्हणे," डेल्बर्ट म्हणाला. "आणि ही जीप? सकाळपासून दोनदा ढकलली आम्ही."

"जीपचा अहवाल कुणी मागितला नाही ना, म्हणून," कॅरिन म्हणाली. ती पट्टीने मोजत होती. मोजून झाल्यावर तिने ओठ चावला. "जवळ आहे. कबरीपासून अर्धा मैल तरी लांब हवेत रूळ. पण थांबा, मिसेस स्नो. हे मी होऊ देणार नाही."

"राहू दे," ल्युएला म्हणाली. "आमची हरकत नाही."

"तुमची नसेल, माझी आहे. साहेबांशी भांडून एक वळण मागून घेतलंय मी. एकच देतात. ते तुमच्यासाठी."

तिने रबराने रेघ खोडली. पेन्सिल उत्तरेला सरकली, वळली, पुन्हा सरळ झाली. नकाशावर झाड नव्हतं. पण ल्युएलाला ते दिसलं, अगदी रेघेच्या खाली.

"घ्या," कॅरिन म्हणाली. "तुमच्या माणसासाठी अख्खी रेल्वे हलवली."

"सांग तिला," डेल्बर्ट आपल्या भाषेत म्हणाला, ऊनपावसाचं बोलावं तसा. "रबर अजून तिच्या हातातच आहे."

"सांगितलं तर खोक्यात जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

ल्युएलाने नव्या रेघेवरून बोट फिरवलं.

"गाडी ऐकत पडेल," ती म्हणाली. "पण मातीत पडेल."

कॅरिनने पेन पुढे केलं. ल्युएलाने नकाशावर सही केली. अक्षर सरळ आलं.

मग डेल्बर्ट ढिगापाशी उभा राहिला आणि त्याने सूर लावला. वयाने गळा बसला होता, तरी त्या सुरात असं काही होतं की ऐकणाऱ्याने आपोआप हात जोडावेत. गाणं एकेक झरा, एकेक टेकडी घेत चाललं होतं. वाट चुकू नये म्हणून गेलेल्याला सांगतात तसं. गाता गाता तो पावलापावलाने वळला. ढिगाकडे पाठ झाली, तोंड उत्तरेला. ल्युएलाही त्याच्याबरोबर वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वाऱ्याने धूळ जातेय डोळ्यांत, कॅरिनला वाटलं. तिने बॉनेटवरचा नकाशा उचलला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि आडोशासाठी त्या दोघांच्या समोर येऊन उभी राहिली.

झाड नकाशाआड गेलं. डेल्बर्ट गात राहिला.