घरी कोणी नाही

दाराला आजही कुलूप. कुंदाताईंचा पारा चढला. गढा वस्तीतल्या या बोळात त्यांचा हा तिसरा रविवार फुकट चालला होता.

योजना त्यांचीच होती. शाळेतली गणिताच्या बाईची नोकरी संपल्यावर सहा महिने खपून त्यांनी ती आखली, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांसाठी. एका मुलाला एक मार्गदर्शक, दर रविवारी घरी भेट, आईवडिलांशीही चार गोष्टी बोलायच्या. कागदावर कशी देखणी दिसत होती! आणि आता त्यांच्या वाट्याला आलेल्या या जमनाचंच बघा. तिकडचा दाखला इकडे कोणी धरेना, म्हणून पोरगी बाहेरून दहावीला बसलेली. आठवड्याचे सहा दिवस ओमती बाजारातल्या कापडदुकानात उभी. गणिताचा पेपर पंधरा दिवसांवर आलेला, अन् शिकवायला माणूस दारात आलं तर बाईसाहेब गायब. ज्यांच्यासाठी मरमर मरायचं त्यांनाच काही पडलेली नाही, असं चडफडत कुंदाताईंनी वही उघडली आणि 'सहकार्य नाही' असं लिहायला घेतलं.

शेजारच्या ओट्यावर एक बाई पापड वाळत घालत होती. "कहीं गए हैं, दीदी," ती वर न बघताच म्हणाली. तिच्या ओढणीच्या टोकाला किल्ली बांधलेली होती.

तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला. जमनाचाच. "माइनस तीन इधर आया, तो माइनस तीन..."

कुंदाताईंनी किल्लीकडे पाहिलं. बाईनं ओढणी मुठीत घट्ट धरली. मग तिनंच दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. या घरात मुलं तीन, म्हणून मार्गदर्शकही तीन, अन् खोली एकच. पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड, मग चहा, बसायला खाट रिकामी करायची. तिघं जाईपर्यंत दिवे लागतात. पोरीला सुट्टी तेवढी एकच, ती कपबशा विसळण्यात जाते.

"आपको मना कैसे करते, दीदी?"

कुंदाताईंना स्वतःचाच भयंकर राग आला. सहा महिन्यांत किती बैठका झाल्या, आणि घरात खोल्या किती, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आत जमना पुन्हा तीच चूक करत होती. दार ठोठावायला उचललेला हात त्यांनी मोठ्या कष्टानं खाली घेतला.

बोळाच्या तोंडाशी स्कूटर थांबली. जमनाच्या धाकट्या भावाचे मार्गदर्शक श्यामसुंदरजी, हातात कचोऱ्यांचा पुडा घेऊन आले. आतला आवाज एकदम बंद झाला.

"काहून ताई, बाहेरच उभ्या? आहेत ना मंडळी?"

"घरी कोणी नाही," कुंदाताई म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "अन् माइनस तीन पलीकडे गेला की प्लस होतो."

"काय म्हणून राहिल्या तुम्ही?"

"तुम्हाला नाही," म्हणत त्यांनी वहीतलं ते पान फाडलं आणि श्यामसुंदरजींना स्कूटरकडे वळवलं. "चला. पेपर होईपर्यंत या घरी कोणी नसतं."