मापाचा वॉकर

कमोडच्या खुर्चीवर बसून वहिनी स्वतःचा फोटो काढून घेत होती, नेमकी तेव्हाच नणंद दारात उभी राहिली.

"तिथेच थांब, सावली पडते," वहिनी म्हणाली. कुकरला टेकवून ठेवलेल्या मोबाइलने फोटो काढला. मग बसल्या बसल्याच तिने जाहिरात लिहिली. ‘वापरलेली खुर्ची. उजव्या पायाला गंज होता, घासून रंग दिला आहे. गंजाचा फोटो आधी पाहावा. खुर्चीवरची बाई चांगली वजनदार आहे, खुर्ची कुरकुरली नाही.’

आजारपण संपलेल्या घरांतून वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या विकत घ्यायच्या, धुऊन, रबरं बदलून त्या इंटरनेटवर जवळजवळ दुप्पट भावाने विकायच्या, हा वहिनीचा धंदा. नणंद सासरी सांगताना ‘आमची वहिनी मेडिकल लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगायची.

आज तिने मोबाइल वहिनीच्या नाकासमोर धरला. "बाबांचा वॉकर विकायला काढलास?"

"काढला. बसा ना, वन्सं. या खुर्चीवर नको, त्या दुसऱ्या." ‘वन्सं’ आणि ‘बसा’ चिडवण्यापुरतं होतं. नणंद तिच्यापेक्षा बरीच लहान, वहिनीनेच तिच्या वेण्या घातलेल्या.

नणंद बसली नाही. "बाबांना जाऊन वर्षही झालं नाही. लोक दान करतात गं असल्या वस्तू. तू दुखण्याचा बाजार मांडतेस, आणि आता तर घरच्याच माणसाच्या वस्तूवर नफा. मला लाज वाटते. मी तो न्यायला आलेय. संस्थेत देऊन टाकते. बाबांचा पहिला वॉकर मी तिथूनच तर आणला होता. फुकट. कोणी कमावलं नव्हतं त्याच्यावर."

वहिनी उठून खुर्चीचं झाकण बसवू लागली.

त्या पहिल्या वॉकरवर बाबा जेमतेम आठवडाभर चालले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पडले. मनगट मोडलं. वयच झालं, असं सगळे म्हणाले. मनगट जुळल्यावर वहिनीने कुठूनसा हा दुसरा आणला, तोही वापरलेलाच. त्याच्यावर बाबा शेवटपर्यंत घरभर हिंडले, फ्रीजमधलं गोड शोधत.

बेल वाजली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला होता, बाबांचा वॉकर बघायला. बाहीला मैदा आणि दंडाला धरलेली आई. आईला आणायलाच हवं, हा वहिनीचा नियम. आधी माणूस दाखवा, मग माल. या नियमापायी तिची निम्मी गिऱ्हाइकं फोनवरच गळायची.

"मला नकोय ते," म्हातारी आत येतानाच म्हणाली. "मी काय टेबल आहे, चार पायांवर उभी राहायला?"

"नका घेऊ, आजी. नुसत्या उभ्या राहा. माझं तेवढंच काम."

वहिनीने वॉकर तिच्यापुढे ठेवला. म्हातारीने नाखुशीने मुठी धरल्या.

"ताई, जुन्या वॉकरला एवढे पैसे?" बेकरीवाला हळूच म्हणाला. "फुकटसुद्धा मिळतात म्हणे."

"मिळतात की. पण देणारा मापून देत नाही, आणि फुकट मिळालं की घेणाराही काही विचारत नाही. आईंचे खांदे बघा. कानांना टेकलेत. मूठ उंच असली की भार मागे जातो, आणि माणूस उताणा..." वहिनी तिथेच थांबली. तिने नणंदेकडे पाहिलं नाही. "आजी, हात सोडा बघू. अगदी सैल."

ती फरशीवर मांडी घालून बसली. वॉकरच्या पायांतली बटणं दाबून एकेक पाय आत सरकवला. मूठ म्हातारीच्या मनगटाशी येईपर्यंत पुन्हा पुन्हा बघितलं. मग चारही पायांचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि एक बदललं.

नणंद म्हातारीच्या खांद्यांकडे बघत होती. ते आता खाली आले होते. ती माहेरी राहिली होती त्या आठवड्यात बाबांचे तसेच होते, कानांपर्यंत चढलेले. ‘बाबा, मिलिटरीत भरती झालात की काय?’ म्हणून ती हसली होती. बाबाही हसले होते, वॉकर न सोडता.

म्हातारी खिडकीपर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली, आणि या वेळी खिडकीतून खालची रहदारी बघत जरा रेंगाळली. "तू पैसे देऊन ये," ती मुलाला म्हणाली, "मी पुढे होते."

संस्थेचं नाव कोणी काढलं नाही. नणंदेने पुढे होऊन लिफ्टचा दरवाजा धरला. बाबांचा वॉकर टकटक करत आत गेला आणि दरवाजा लागला.

ती परत आली तेव्हा वहिनी बादलीत फडकं पिळत होती. नणंद भिंतीला टेकून उभी राहिली.

"वहिनी, खरं सांग. बाबा पडले ते मी आणलेल्या वॉकरमुळे ना?"

परक्याच्या कुबडीवरचा ओरखडासुद्धा फोटो काढून दाखवणाऱ्या त्या बाईने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"काहीतरीच तुझं. फरशी ओली होती. मीच नुकती पुसली होती."

नणंदेने मान डोलावली. तिला चांगलं आठवत होतं. त्या दिवशी सकाळपासून नळ कोरडे होते, आणि पडलेल्या बाबांना पाजायला घोटभर पाणी तिनेच शेजारून मागून आणलं होतं.