मोहाखालचा शॉट

"ताई, त्या शॉटमंदी तुमची आई हाये," कुलदीप सर म्हणाले. "पोरं बकरीच्या मांगं होते, मोबाइलमंदी ते बी आली. त्याच सकाळची. म्हणान तं कापतो."

"आवाज हाये?" रंजीतानं विचारलं.

"हाये. दोनदा कूऽऽ करते. मंग टोपलं उचलून रस्त्याच्या वाटेनं निंगून जाते. तेवढंच."

"राहू द्या, सर."

आलापल्लीच्या शाळेत मुलांचा चित्रपट महोत्सव होता. भर दुपारी सभागृहाच्या खिडक्यांना ब्लँकेटं बांधून अंधार केला होता. जंगलातल्या गावांमधली दोनशे मुलं सतरंज्यांवर दाटीनं बसली होती. सातवीच्या मुलांनीच केलेला हरवलेल्या बकरीचा सिनेमा सुरू झाला.

"बकरी कुठी हाये बे? हा तं बोकड हाये."

"बकरीनं काम कराले नाई म्हटलं असंन."

रंजीताही थोडी हसली. मग पडद्यावर मोहाचं झाड आलं. आई वाकून फुलं वेचत होती.

मोह वेचताना झाडीत बायका एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून मधूनमधून एकीनं कूऽऽ करायचं, दुसरीनं तसंच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तर काम टाकून शोधायला निघायचं. त्या सकाळी रंजीता मोबाइलला रेंज शोधत डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. आई त्या रस्त्याच्या वाटेवरच सापडली. वाघानं फार लांब ओढलं नव्हतं. पंचनाम्यात रंजीतानं सांगितलं होतं, मी उत्तर दिलं होतं.

"कूऽऽ," पडद्यावर आईनं हाक दिली. पाखरं तेवढी बोलली. तिनं पुन्हा हाक दिली. कान देऊन थांबली. टोपलं उचलून कमरेवर घेतलं.

"कूऽऽ," पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं उत्तर दिलं. तिनं गंमत केली नव्हती, सवयीनंच तोंडून गेलं होतं. मागोमाग सगळ्या सभागृहानं उत्तर दिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

वाटेवर पाऊल टाकता टाकता आई थांबली.

कुलदीप सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "हे नव्हतं यात," ते स्वतःशीच म्हणाले.

आईनं मान वळवली. डोळे बारीक करून ती ऐकत होती. एवढ्या आवाजांत तिला हवा तो आवाज नव्हता. तिनं दुसरं पाऊल उचललं.

रंजीताच्या शेजारी बसलेल्या मुलीनं तिचा पदर ओढला. "बाई, तुमी काऊन देत नाई? आजी चालली न."

रंजीता उभी राहिली. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग आवाज फुटला, फाटका, कुणी ओळखू नये असा.

"कूऽऽ."

आईनं टोपलं खाली ठेवलं.

पुढे बकरी सापडली, पोरांनी तिला उचलून नाचवलं, सिनेमा संपला. सातवीच्या मुलांची नावं पडद्यावर एकामागून एक वर सरकू लागली. त्या नावांच्या मागे मोहाखाली फतकल मारून आई फुलं वेचत होती.