मांडीवरचा फोटो

"माझा नको, रोश्कोचाच काढ," त्सोन्काआजींनी तिसऱ्यांदा बजावलं. "कुत्र्याला न्यायला कोणीतरी येईल. म्हातारीला कोण नेतंय?"

सोमवारी त्यांचं ऑपरेशन होतं. घरी परत याल, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. त्याआधी रोश्कोची सोय लागायला हवी होती. फोटोग्राफर ल्युबेनने जाहिरातीसाठी त्या अंधाऱ्या खोलीत पन्नास फोटो काढले. चाळिसांत नुसती शेपटी आली, दहांत सोफा. शेवटी हात टेकून तो म्हणाला, "आजी, घ्याच त्याला मांडीवर." रोश्को लगेच पाद्रीबुवासारखा गंभीर होऊन बसला.

आजींनी फोटो बराच वेळ न्याहाळला.

"छान आलाय. जाहिरात राहू दे आता."

"अहो, मग याला नेणार कोण?"

"जाहिराती कोण वाचतं रे? मी गेले की खाली इमारतीच्या दारावर माझ्या फोटोसकट निधनाचा कागद चिकटवतील ना, तो अख्खी गल्ली पिशव्या खाली ठेवून वाचते. त्यावर हाच फोटो घाल. रोश्कोला फोटोतून कापू नकोस. आणि खाली ठळक लिही, यातला कुत्रा अजून आहे."