तोवर तू खेळ

"आज तरी होईल का काही?" परीक्षितनं विचारलं.

नीळकंठनं फाईल कापडी पिशवीत घातली, वर पाण्याची बाटली ठेवली. "साहेब दौऱ्यावरून आले असतील तर होईल."

"शुक्रवारी पण हेच म्हणालात, बाबा."

"शुक्रवारी आले नव्हते."

"मी येऊ बरोबर?"

"तू काय करणार तिथे? बाबू लोकांना ड्रिबल करून दाखवणार?" नीळकंठनं चपला घातल्या. "सरकारी काम आहे, वेळ लागतो. तोवर तू खेळ."

दाराशी सुमित्राच्याही चपला होत्या. तिला जाऊन साडेतीन महिने झाले होते. त्या कोणी उचलायच्या, हे बापलेकाचं ठरलं नव्हतं.

सुमित्रा सरकारी शाळेत गणित शिकवायची. नोकरीत असतानाच गेली, म्हणून घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळणार होती. नीळकंठ कारखान्यातून निवृत्त झालेला. उरला परीक्षित. त्याला नोकरी लागली तर तुलसी नगरचं हे सरकारी क्वार्टर राहणार होतं. नाही तर रिकामं करून द्यायचं होतं.

पण नोकरी भोपाळात होती आणि परीक्षितचा संघ पुण्यात. चोवीस वर्षांचा परीक्षित बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये पॉइंट गार्ड होता. चेंडू वर आणायचा, कोणाला कधी द्यायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. आई गेल्यावर तेराव्यानंतर तो परत खेळायला गेला, पण हात उशिरा चालायला लागला. साथीदार रिकामा दिसायचा. पास सुटेपर्यंत समोरचा येऊन उभा राहिलेला असायचा.

तरीही हंगाम संपवून तो घरी आल्यावर संघाचे प्रशिक्षक अच्युत सरांचा फोन आला होता. दोन वर्षांचा करार, पहिल्या पाचांत जागा. "सोमवारी दुपारपर्यंत सांग. नाही तर वरुणला विचारतो. तो बॅग भरून बसलाय."

आज सोमवार होता. बाबांना त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते 'जा' म्हणाले असते, आणि पुन्हा पिशवी उचलून उन्हात निघाले असते.

घरातलं सामान कमी होत चाललं होतं. शिलाई मशीन शेजारच्या पिंकीला दिलं. मग पुस्तकांची मांडणी गेली. "धूळ बसते नुसती," नीळकंठ म्हणाला होता. बाबांना आईच्या वस्तू बघवत नाहीत, हे परीक्षितला कळत होतं. पण अंगणातल्या कढीपत्त्याला ते रोज न चुकता पाणी घालायचे. निदान हे घर तरी त्यांच्याकडे राहायला हवं होतं.

साडेदहाला उज्जैनहून मंगलामावशीचा फोन आला.

"काय रे, चेंडू बडवून झाला का?"

"आज नाही गेलो, मावशी."

"नीळकंठराव गेले असतील. या मे महिन्यात, या वयात! ताई सव्वीस वर्षं राहिली त्या घरात, परीक्षित."

"फाईल अडकलीय. मी काय करू?"

"अडकणारच. नोकरी करणारा कधी तोंड दाखवत नाही, म्हातारा बाप खेटे घालतो. बाबू काय समजणार? स्वतः जा, उभा राहा समोर. नाही तर सरळ सांग त्यांना, की मला नको म्हणून. उगीच झुलवत ठेवू नकोस त्यांना."

तिनं फोन ठेवल्यावर परीक्षित बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मग त्यानं अच्युत सरांचा नंबर लावला.

"सर, मी येत नाहीये."

"गुडघा दुखतोय का?"

"नाही सर. घरचं आहे."

"हे बघ, वरुणला एकदा शब्द दिला की मला फिरवता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग लावू त्याला फोन?"

"लावा सर."

त्यानं गुणपत्रिका काढल्या, आधार कार्ड घेतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. शिक्षण खात्याच्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना वरुणचा मेसेज आला. 'साइन कर दिया भाई. तू ठीक तो है ना?' परीक्षितनं फोन खिशात टाकला.

व्हरांड्यातल्या बाकावर बाबा नव्हते. कॅन्टीनमध्येही नव्हते. आत कारकून तिवारीबाबू एकटेच पंख्याखाली बसले होते.

"सुमित्रा मॅडम के बेटे? बास्केटबॉल वाले? अरे बैठो भैया, बैठो!"

"पापा आए होंगे ना? रोज आते हैं."

"यहाँ? यहाँ तो फरवरी के बाद नहीं आए."

परीक्षितला वाटलं, यांचा काही घोटाळा होतोय. त्यानं कागद टेबलावर ठेवले. "मैं नौकरी के लिए आया हूँ. कोई दस्तख़त बाकी है, ऐसा बोल रहे थे."

तिवारीबाबू उठले, मागच्या कपाटातून लाल फितीत बांधलेली फाईल काढली आणि त्याच्यासमोर उघडली. "ये तो कब की बंद हो गई, भैया."

वर एकच कागद होता. बाबांचं सरळ, सुटं अक्षर. कुटुंबात नोकरी घेऊ इच्छिणारं कोणी नाही, क्वार्टर जूनअखेर रिकामं करून देऊ. खाली सही आणि तारीख. आईच्या तेराव्यानंतरचा चौथा दिवस.

"बहुत समझाया मैंने," तिवारीबाबू म्हणाले. "माने ही नहीं. अब अशोका गार्डन में एक कमरा लिया है, मेरी ही गली में. रोज जाते हैं, खुद ही रंग-पुताई कर रहे हैं."

"मुझे क्यों नहीं बताया?"

"मैंने भी यही पूछा था. बोले, लड़के को पता चला तो खेलना छोड़ देगा."