दुसरी सापडत नाही

कॉम्प्युटर शेवटी सुरळीत चालू झाला. पण तसं काही झालंच नाही असं धरून चालू या, कारण थोरलीचंही तेच म्हणणं आहे.

थोरली आणि धाकटी जुळ्या, एका साच्यातल्या. कॉम्प्युटर रखडतो म्हणून थोरलीने सफाईचा प्रोग्राम चालवला. त्याने कचरा काढला आणि जाता जाता सारखे दिसणारे फोटो डुप्लिकेट समजून उडवले. तेव्हापासून मशीन चालू केलं की चौकट यायची: 'दुसरी सापडत नाही. एकीवर चालू करायचं?' खाली बटण एकच, 'हो'.

"दाबू नकोस हं," शेजारी बसलेली धाकटी तिची बाही धरून म्हणाली.

थोरलीने प्रोग्राम काढला, परत घातला, मशीनच्या हातापाया पडली. चौकट ढिम्म. भिंतीवरच्या फोटोत मात्र आता फ्रॉक दोन होते आणि चेहरा एक.

"सगळे कपडे जोडीने का घेतेस गं?" आई घड्या घालत म्हणाली. "एकुलती एक पोरगी, आणि थाट बघा!"

"आई, ही काय इथे धाकटी!"

आईने धाकटीच्या आरपार घड्याळ पाहिलं. "दुरुस्तीवाला आलाय बघ."

दुरुस्तीवाला धाकटीच्याच खुर्चीत ऐसपैस बसला. "एवढंच ना, ताई?" म्हणत त्याने 'हो' दाबलं.

थोरलीची बाही अजून मुठीत धरल्यासारखी चुरगळलेली होती. मूठ नव्हती.

तिने तक्रारीची खिडकी उघडली: 'महोदय, आपण काढलेली प्रत डुप्लिकेट नसून बहीण आहे व अद्याप वापरात आहे. तरी ती मूळ जागी परत ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती. आपल्या विश्वासू, दोघी.'